पहिला ट्रक परत का आला?

दोन-तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. आपल्याच भागातल्या एका गावात शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. दिले तर तुम्ही त्या गावाला हसाल, आणि हसण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. तीनशेच्या वर सभासद झाले. कुणी हजाराचे, कुणी पाच हजारांचे भाग घेतले. अनुदानातून शेड झाले, चाळणी यंत्र आले, वजनकाटा बसला. उद्घाटनाला फेटे बांधले गेले, भाषणे झाली. आता आडत्याच्या दारात जायचे नाही, सोयाबीन थेट तेलगिरणीला द्यायचे, असे ठरले. गिरणीशी बोलणी झाली. गिरणीची अट एकच होती : ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा आणि माल चाळलेला हवा.

पहिला ट्रक भरला. नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी तोच ट्रक, त्याच ताडपत्रीसह, परत गावात आला. गिरणीच्या फाटकावर नमुना घेतला तेव्हा ओलावा १६ टक्के निघाला होता. जाण्यायेण्याचे भाडे कंपनीच्या अंगावर पडले. माल शेवटी कुणाला गेला? ज्याच्या दारात जायचे नाही म्हणून कंपनी काढली, त्याच आडत्याला. तोही पडेल भावाने.

असे का झाले? ओलावा मोजायचे यंत्र नव्हते का? होते. चालू होते. त्यावर कृषी पदविका झालेला गावातलाच एक मुलगा बसवला होता आणि तो इमानाने आकडे लिहीत होता. सकाळपासून त्याने दोघांचा माल परत पाठवला. दुपारी अध्यक्षांच्या चुलतभावाची ट्रॉली आली. पावसात भिजलेला माल. मुलगा म्हणाला, "काका, दोन दिवस ऊन द्या आणि मग आणा." काका म्हणाले, "तू मला शिकवतोस? माझे भाग किती हायेत माहीत हाय का?" अध्यक्षांना बोलावले. अध्यक्ष म्हणाले, "घे रे, एका ट्रॉलीनं काय होतंय!"

एका ट्रॉलीने काय होते ते असे, की त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या मुलाला कुणाचीच ट्रॉली परत पाठवता आली नाही. सकाळी परत गेलेले दोघेही तोच माल घेऊन आले आणि ताठ मानेने टाकून गेले. दिवाळीत तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला.

पुढे सभा झाली. मी त्या सभेला मागच्या रांगेत बसलो होतो. कुणी म्हणाले, गिरणीवाला लबाड आहे. कुणी म्हणाले, भांडवल कमी पडले. कुणी म्हणाले, सरकारचे धोरण शेतकऱ्याच्या विरोधात आहे. सगळे बोलले. त्या ट्रॉलीचे नाव मात्र कुणीही काढले नाही.

वाचकहो, धोरण आणि व्यवस्थापन हे शब्द ऐकले की आपल्याला वाटते, हे शहरातल्या टाय लावलेल्या साहेबांचे काम, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो त्या ट्रॉलीपाशीच आहे. बांध पावसात सगळ्या लांबीने फुटत नाही, एका जागी फुटतो. पाणी तेवढी जागा शोधून काढते. धंद्याचेही तसेच आहे. दूध असो, पापड असो, कापडाचा माग असो, प्रत्येक धंद्याची फुटायची एक जागा असते. जे टिकले त्यांनी तीन गोष्टी केल्या. ती जागा ओळखली. तिथे सगळ्यांत कडक नियम लावला. आणि त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला, तो कितीही लहान असो, 'नाही' म्हणण्याचा अधिकार दिला. वेगवेगळ्या धंद्यांतली चार-पाच उदाहरणे पाहू आणि मग परत आपल्या शेडमध्ये येऊ.

दूध : हिवाळ्यातला महापूर

आणंदचे नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे सहकाराचे भाषण पुरे होत नाही. पण आणंदने नेमके काय केले, हे भाषणात कुणी सांगत नाही. खेडा जिल्ह्यातले शेतकरी पोल्सन डेअरीच्या ठेकेदारांना दूध घालत. मुंबईला दूध पुरवण्याचा मक्ता पोल्सनकडे होता, पण वाढीव पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचत नव्हता. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध बंद ठेवले आणि डिसेंबर १९४६ मध्ये जिल्हा दूध संघाची नोंदणी केली. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. संप करायला आपल्यालाही येतो.

खरी परीक्षा संपानंतर आली. म्हैस उन्हाळ्यात आटते आणि हिवाळ्यात भरभरून देते. हिवाळ्यात दुधाचा पूर आला की मुंबई म्हणे, एवढे नको. व्यापारी अशा वेळी शेतकऱ्याला सरळ सांगायचा, आज दूध घेत नाही. दुधाच्या धंद्याची फुटायची जागा ही होती. संघाने तेच काम अंगावर घेतले. सभासदाचे दूध बारा महिने, दोन वेळा घ्यायचे. मग उरलेल्या दुधाचे करायचे काय? भुकटी. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी जाणकार सांगत होते. संघातल्या हरिचंद दलाया या तंत्रज्ञाने ती करून दाखवली आणि १९५५ साली आणंदला भुकटीचा कारखाना सुरू झाला. भुकटीचा कारखाना काढू या, चांगला धंदा आहे, असे ठरवून तो निघाला नव्हता. हिवाळ्यात सभासदाला 'आज दूध नको' म्हणायची पाळी येऊ नये, म्हणून तो निघाला. धोरण म्हणतात ते याला.

दुसरी जागा गावातच होती : पाण्याची. दुधात पाणी घालायचा मोह कुणाला होत नाही? आणंदने त्यावर प्रवचने दिली नाहीत. दुधाचा पैसा लिटरवर न देता फॅटवर दिला. पाणी घातले तर घालणाऱ्याचेच नुकसान. आज आपल्या गावातल्या डेअरीतसुद्धा 'फॅट लागली नाही' म्हणून माणूस चरफडतो, पण केंद्रचालकाचा खून करायला उठत नाही, कारण आकडा यंत्राने काढलेला असतो आणि पाटलालाही त्याच रांगेत उभे राहावे लागते.

तिसरी गोष्ट माणसांची. त्रिभुवनदास अध्यक्ष होते, शेतकऱ्यांनी निवडून दिलेले. वर्गीस कुरियन १९४९ साली सरकारी नोकरीत म्हणून आणंदला आले आणि पुढे संघाचे पगारी व्यवस्थापक झाले. ते ना त्या जिल्ह्यातले, ना त्या भाषेचे, ना त्यांच्या घरी म्हैस. अध्यक्षांनी गावे सांभाळली, व्यवस्थापकाने कारखाना सांभाळला, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घातला नाही. आपल्याकडे अध्यक्षच वजनकाट्यावर येऊन उभे राहतात.

पापड : दोन प्रतींचा मोह

आता पापडाकडे या. हा धंदा आपल्या घरातल्या बायकांचा, म्हणून कुणी त्याच्याकडे धंदा म्हणून बघत नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होते ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्याचेच पुढे 'लिज्जत' झाले. आज चाळीस हजारांवर बहिणी त्यात आहेत आणि प्रत्येक जण मालकीण आहे.

सुरुवातीला त्यांनीही तुमच्या-आमच्यासारखाच विचार केला होता. दोन प्रती करू, एक चांगली आणि एक स्वस्त. गरीब गिऱ्हाईक स्वस्त घेईल. ज्यांनी ८० रुपये दिले होते त्या छगनलाल पारेखांनी, म्हणजे छगनबाप्पांनी, त्यांना अडवले. एकच प्रत करा, उत्तम करा आणि त्यात तडजोड करू नका. बायकांनी ऐकले. दुसरी प्रत सोडून दिली.

या निर्णयाची किंमत लक्षात घ्या. ज्यांच्याकडे ८० रुपयेसुद्धा स्वतःचे नव्हते, त्यांनी विकला जाणारा माल विकायचा नाही असे ठरवले. आपण काय करायचे याच्या याद्या करायला सगळेच हुशार असतात. काय करायचे नाही, हे ठरवताना हात थरथरतो.

पापडाची फुटायची जागा चव. चाळीस हजार हातांनी लाटलेल्या पापडाची चव एक कशी राहणार? म्हणून कच्चा माल एका ठिकाणाहून खरेदी होतो आणि पीठ केंद्रावरच मळले जाते. बहिणीने पीठ घरी न्यायचे, लाटायचे, वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. तिथे ते तपासले जातात, तोलले जातात आणि मजुरी हातात मिळते. लाटणे घरोघर, पण पीठ एका जागी. कुठले काम वाटून द्यायचे आणि कुठले मुठीत ठेवायचे, हे ज्याला कळले त्याला अर्धे व्यवस्थापन कळले.

आणखी एक बारीक गोष्ट. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. पावसात काम चालू राहिले. कुठल्या प्रकल्प अहवालाची त्यांनी वाट पाहिली नाही. आमच्या त्या गावात सोयाबीन ओले आहे हे सगळ्यांना दिसत होते, शेडच्या पुढे सिमेंटचा ओटाही होता. पण त्या ओट्यावर उद्घाटनाच्या मंडपाचे बांबू पडलेले होते.

माग : धागा तुटला की थांबा

तुम्ही म्हणाल, दूध-पापड ठीक आहे, मोठ्या कारखान्यांचे काय? मग जपानकडे पाहू. टोयोटाच्या मोटारी आपल्या रस्त्यावर धावतात, पण ते घराणे मूळचे मागवाले. इचलकरंजी, मालेगावच्या वाचकांना हे लगेच कळेल. साकिची टोयोडा या माणसाने १९२४ साली एक स्वयंचलित माग तयार केला. त्याची खुबी ही, की ताण्याचा एक धागा तुटला की माग आपोआप थांबे. साध्या मागावर धागा तुटला तरी माग चालूच राहतो आणि विणकराचे लक्ष जाईपर्यंत हातभर कापड खराब होते. म्हणून एका मागावर एक माणूस डोळे लावून बसवावा लागे. थांबणारा माग आल्यावर एकच माणूस अनेक माग सांभाळू लागला. या मागाचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. ज्या इंग्लंडने जगाला माग शिकवले, त्याने जपानकडून माग शिकला.

पुढे १९३७ साली मोटारीची कंपनी निघाली आणि मागाचीच युक्ती मोटारीला लावली गेली. कारखान्यात जुळणीच्या रांगेवर दोरी असते. कुठल्याही साध्या कामगाराला दोष दिसला की त्याने ती दोरी ओढायची. दोष तिथेच निस्तरला नाही तर सगळी रांग थांबते. साहेबाला विचारायचे नाही. रांग थांबवल्याबद्दल त्याला कुणी रागावत नाही, दोष पुढे ढकलला तर मात्र विचारतात.

आता त्या गावातला मुलगा आठवा. त्याने दोरी ओढली होती. आपण ती त्याच्या हातातून काढून घेतली.

डबा : गिऱ्हाईक सोडण्याची हिंमत

मुंबईचे डबेवाले म्हणजे मावळ, खेड, जुन्नर भागातली आपलीच माणसे. हे काम १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केले. हार्वर्डसारख्या विद्यापीठाने २०१० साली त्यांच्या कामावर अभ्यास लिहिला. कोविडच्या टाळेबंदीने या धंद्याचे फार नुकसान केले आणि बऱ्याच जणांना गावी परतावे लागले, हेही खरे. पण शंभर वर्षांहून जास्त काळ तो चालला तो कशावर? संगणक नाही, कागद नाही. डब्याच्या झाकणावर रंगाने लिहिलेली काही अक्षरे आणि आकडे, बस.

त्यांच्या धंद्याची फुटायची जागा म्हणजे वेळ. लोकल गाडी फलाटावर अर्धा मिनिट थांबते. एका घरी डबा तयार नसेल आणि तिथे पाच मिनिटे गेली, तर ती गाडी चुकते आणि पुढच्या सगळ्यांचे जेवण चुकते. म्हणून प्रत्येक गटात एक-दोन माणसे जादा ठेवलेली असतात. एखाद्याचा पाय मुरगळला तर दुसरा तयार. आणि जे घर वारंवार डबा उशिरा देते, त्या घराला समज देऊन शेवटी सोडून देतात. हातातले गिऱ्हाईक सोडून देतात! आपल्याला हे वेडेपणाचे वाटेल. पण एकाला सांभाळण्यासाठी बाकीच्यांना उपाशी ठेवणे हा शहाणपणा कसा?

द्राक्ष : एका औषधाने अडवलेले कंटेनर

घरच्या अंगणातले उदाहरण द्राक्षाचे. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले. बागाईतदार ज्याला लिहोसिन म्हणतात तेच हे. कंटेनर अडकले आणि निर्यातदार, बागाईतदार दोघेही पोळले. गोडी, रंग, मणी, सगळे उत्तम होते. पण फुटायची जागा गोडीत नव्हतीच. ती फवारणीच्या डायरीत होती.

त्यातून जे शिकले ते पुढे गेले. निर्यातीच्या बागेची नोंदणी आणि तोडणीआधी नमुन्याची तपासणी ही पद्धत ग्रेपनेटने २००६ पासून आणली होती. २०१० च्या फटक्यानंतर ती जास्त कडक झाली. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री ही शेतकऱ्यांची कंपनी त्याच २०१० साली निघाली आणि आज देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत तिची गणना होते. निर्यातीच्या बागेत प्रयोगशाळेचा कागद नापास आला की तो घड युरोपला जात नाही. बाग संचालकाची असली तरी नाही. तिथे 'घे रे, एका बागेनं काय होतंय' म्हणायची सोय नाही, कारण एका बागेने काय होते ते सगळ्यांनी पाहिलेले आहे.

भाऊबंदकीचे काय करायचे?

आता तुमचा आक्षेप मला ऐकू येतो. "अहो, लिहायला सोपं आहे. गावात राहायचं आहे आम्हाला. चुलत्याचा माल परत पाठवला तर लग्नाकार्यात तोंड कसं दाखवायचं?" आक्षेप खरा आहे. मी तो हसण्यावारी नेत नाही. कंपनीचा कारखाना गावाबाहेर असतो, आपली कंपनी गावाच्या पोटात असते. पण भाऊबंदकी आणंदच्या गावांत नव्हती काय? होती. तिथे त्यांनी माणसाला नाही म्हणायचे काम माणसावर ठेवलेच नाही. ते यंत्रावर आणि तक्त्यावर ठेवले.

आपणही तसेच करू शकतो. हिशोब करून बघा. १६ टक्के ओलाव्याचे १०० क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळवले तर ते साडेपंच्याण्णव क्विंटलच्या आसपास भरते. म्हणजे ओला माल टाकणारा साडेचार क्विंटल पाणी सोयाबीनच्या भावाने विकतो. ते पैसे गिरणीवाला देत नाही. ते शेजारच्या सभासदाच्या खिशातून जातात. उलट ज्याने ऊन देऊन १० टक्क्यांपर्यंत माल वाळवला, त्याचे १०० क्विंटल हे १२ टक्क्यांच्या हिशोबाने १०२ क्विंटलच्या वर होतात. त्याला जास्त पैसे मिळायला हवेत. आज त्याला काय मिळते? वजनात मार. मग तो तरी कशाला वाळवील?

म्हणून एक तक्ता करा. ओलावा किती, तर १०० क्विंटलचे किती क्विंटल धरायचे. तो शेडच्या भिंतीवर रंगाने लिहा, हाताएवढ्या अक्षरात. अमुक टक्क्यांच्या वर माल ओट्यावर वाळल्याशिवाय आत नाही, हेही तिथेच लिहा. दुधाला जशी फॅट, तसा सोयाबीनला ओलावा. मग काका मुलाशी भांडणार नाहीत, भिंतीशी भांडतील. भांडू द्या.

दुसरे, कायदा काय म्हणतो ते वाचा. उत्पादक कंपनीची तरतूद २००२ च्या कंपनी सुधारणा कायद्याने आली. कंपनीला पूर्ण वेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असलाच पाहिजे आणि तो सभासदांपैकी नसावा, असे त्यात स्पष्ट आहे. कायदा करणाऱ्यांनी आपली गावे ओळखली होती, असेच म्हणावे लागेल. पण आपण काय करतो? कागदावर कुणाच्या तरी मेहुण्याचे नाव लावतो आणि कारभार अध्यक्ष पाहतात. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली. तीत प्रत्येक संघटनेला व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. ती माणसासाठी आहे, पत्र्यासाठी नाही. आपल्याकडे पैसा आला की पहिला विचार पत्र्याचा होतो. पत्रा दिसतो, त्यावर नाव रंगवता येते. चांगला व्यवस्थापक दिसत नाही, तो गेला की मग दिसतो.

तिसरे, नफ्याची वाटणी. कायद्यात प्रत्येकाला एकच मत आहे, भाग कितीही असोत. आणि बोनस भागांवर नव्हे, कंपनीला दिलेल्या मालावर द्यायची सोय आहे. म्हणजे 'माझे भाग किती हायेत माहीत हाय का' या प्रश्नाला कायद्यानेच उत्तर देऊन ठेवले आहे : माहीत आहे काका, पण ओलावा किती?

भाव आपल्या हातात नाही, ओलावा आहे

सरकारला मी सोडत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि कितीतरी शेतकऱ्यांनी त्याच्या खाली माल विकला, हे आपण भोगले आहे. तेलाची आयात, निर्यातीवरच्या बंद्या, साठ्यावरच्या मर्यादा, यांच्याविरुद्ध बोललेच पाहिजे, रस्त्यावर उतरलेच पाहिजे. पण खेड्याच्या शेतकऱ्यांनी संपानंतर दूध मोजायला माणूस बसवला, हे विसरू नका. संपाने दार उघडले, मोजमापाने घर चालले. आपण दार उघडतो आणि ओसरीवरच भांडत बसतो.

त्या गावाची वार्षिक सभा आता तोंडावर आली आहे. विषयपत्रिका मी पाहिली. नवीन गोदामाचा विषय आहे, कर्ज उचलण्याचा विषय आहे, पाहुण्यांच्या सत्काराचा विषय आहे. तीनशे घरांचे भाग त्या शेडमध्ये अडकलेले आहेत. दुसऱ्यांदा ट्रक परत आला तर ते बुडतील, आणि पुढची वीस वर्षे त्या गावात कंपनीचे नाव काढले तरी लोक उठून जातील. आपल्या तालुक्यात बंद पडलेल्या सोसायट्यांच्या कुलपांकडे बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

म्हणून शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या गावात अशी कंपनी असेल तर या वर्षीच्या सभेला नुसते जेवायला जाऊ नका. उभे राहून एकच प्रश्न विचारा : अध्यक्षांची ट्रॉली परत पाठवायचा अधिकार आपल्याकडे कुणाला आहे? त्या माणसाचे नाव सभेने सांगावे आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यावे. उत्तर आले, तर गोदामाचा विषय खुशाल मंजूर करा. सभा गप्प बसली, तर गोदाम राहू द्या. आधी त्या मुलाला पुण्याहून परत बोलवा.